मी न दिलेला निरोप

ब्रदर,

आपल्या धर्मसंघाच्या प्रांताचे जे नवे प्रमुख आले आहेत, त्यांनी तुमच्याबद्दल एक पान लिहून मागितलं आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्या आठवणींची पुस्तिका काढायचं ठरलं आहे, आणि त्यात संघातले ब्रदर लिहिणार तसे संघ सोडून गेलेलेही लिहिणार. "तुमच्याइतका जवळचा कोण होता त्यांना? आणि आता आपण सगळे एकच कुटुंब आहोत," असं ते फोनवर म्हणाले. आवाज पोरगेलासा आहे त्यांचा. मी हो म्हणून बसलो. चार दिवस झाले, आश्रमशाळेतून आलो की वही घेऊन ओट्यावर बसतो, आणि पान त्यांच्यासाठी लिहायचं तर प्रत्येक ओळ तुमच्याशी बोलल्यासारखीच उतरते. शेवटी म्हटलं, तसंच लिहू. हे काही त्यांचं पान होणार नाही.

शनिवारचा शेवटचा तास आठवतो. मी सातवीत आहे, आपल्या तलासरीच्या शाळेत, खिडकीजवळच्या बाकावर. तुम्ही पांढऱ्या झग्याच्या बाह्या दुमडून टेबलावर कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा ठेवता. शाळा सोडून गेलेल्या मुलांना त्या तासाला पत्रं लिहायची, हा तुमचा नियम. कोणी वीटभट्टीवर गेलेला असे, कोणी चिंचणीला होडीवर, कोणी अच्छाडच्या ढाब्यावर. माझ्याच बाकावरचा एक जण दिवाळीनंतर परतला नव्हता. त्याला मी लिहिलं होतं, 'तू बरा असशील. आम्ही बरे आहोत. अभ्यास कर.' तुम्ही कार्ड उचललंत, वाचलंत आणि वर्गासमोर धरलंत.

"हे काय आहे?"

"पत्र, ब्रदर."

"यातून त्याला काय कळलं? आणि होडीवर बसून तो अभ्यास कसला करणार, बोंबलांचा?" वर्ग हसला. मग तुम्ही खाली वाकून हळू बोललात, "विहिरीत बादली पडली ते लिही. गुरुजी सायकलवरून पडले ते लिही. गेलेल्याला इथल्या बातम्या द्यायच्या असतात रे. उपदेश त्याला कोणीही करेल."

मी दुसरं कार्ड घेतलं आणि भरून लिहिलं, कडेच्या जागेतसुद्धा. मला वाटतं, ब्रदर व्हायचं माझं त्याच तासाला ठरलं. मोठेपणी लोकांना मी वेगळं सांगायचो, प्रार्थनेत हाक आली वगैरे. खरं ते इतकंच होतं. जी माणसं गेलेल्यांनाही सोडत नाहीत, त्यांच्यात मला राहायचं होतं. दहावीनंतर तुम्ही आमच्या पाड्यावर आलात. बाबा कधी कोणासमोर जास्त बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले, "पोऱ्या तुमचे हाती दिला, ब्रदर. पन सणाला घरा धाडा." तुम्ही म्हणालात, "तो तुमचा आहे तो आहेच. आता आमचाही."

पुढे मी अकरा वर्षं तुमच्यातला होतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून माझा जोडीदार होता तो वसईचा. मला सगळे तलासरी म्हणायचे आणि त्याला वसईकर. आम्ही एका बादलीत कपडे भिजवले, एकमेकांचे पाठ तपासले, दरवर्षी तात्पुरती व्रतं घेताना एकमेकांच्या शेजारी गुडघे टेकले. कायमची व्रतं घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला ती घेता येणार नाहीत.

तो रविवार होता. स्वयंपाकी सुट्टीवर, म्हणून तुम्ही स्वतः मोरीशी बसून मासे साफ करत होता. मी दारात उभा राहून सांगितलं. तुमचे हात थांबले नाहीत.

"कोणी मुलगी आहे का?"

"नाही, ब्रदर."

"मग काय?"

"मला घर हवंसं वाटतं."

तुम्ही सुरी फिरवून सगळं स्वयंपाकघर दाखवलंत. ती शेगडी, फळीवर उलटे ठेवलेले बारा पेले. "आणि हे काय आहे मग?" मग तुम्ही हात धुतलेत, एक माझ्या खांद्यावर ठेवलात. ओला हात होता, शर्टाला माशांचा वास लागला. म्हणालात, "उद्या सकाळी सगळे मिस्सेच्या प्रार्थनेला असतील तेव्हा नीघ. निरोप घेत बसू नकोस, त्यांनाही जड जाईल. त्यांना काय सांगायचं ते मी सांगतो." त्या काळी जाणारे असेच जायचे, आधी दोघांना जाताना मी पाहिलं होतं. मी ऐकलं. देवळातून मिस्सेच्या गाण्याचा आवाज येत होता तेव्हा मी पत्र्याची पेटी घेऊन फाटकाबाहेर पडलो.

तुम्ही मला सोडलं नाहीत. हे मी सगळ्यांना सांगत आलो, बायकोला, शाळेतल्या शिक्षकांना, चर्चमध्ये. आश्रमशाळेतल्या जागेची जाहिरात तुम्हीच आणून दिलीत. नाताळच्या आठवड्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा तुम्ही एसटीने यायचात, नाक्यावर उतरून चालत, हातात बोर्डीच्या चिकूंची पिशवी. खुर्ची दिली तरी आत चुलीजवळ पाटावर बसायचात आणि नागलीची भाकर सुकटीच्या चटणीशी खायचात. बायको म्हणायची, "ब्रदर, अजून एक घ्या," आणि तुम्ही म्हणायचात, "व्रत दारिद्र्याचं घेतलंय, उपासमारीचं नाही. वाढ." मी दरवेळी एकच विचारायचो, बाकीचे काय म्हणतात? वसईकर कसा आहे? आणि तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगायचात, "आपापल्या व्यापात आहेत. माणसं विसरतात रे. वाईट वाटून घेऊ नकोस. मी आहे ना."

लग्नाच्या वेळी मी तुमची धरून पाच पत्रिका तुमच्या हातात दिल्या होत्या. दर जूनला ब्रदरांच्या बदल्या होत, कोण कुठे आहे ते मला ठाऊक नसायचं. वसईकरच्या पत्रिकेत चार पानी पत्रही घातलं होतं, इथल्या सगळ्या बातम्यांचं. तुम्ही ते झग्याच्या खिशात घातलंत. देवळात डाव्या बाजूला पुढच्या पाच खुर्च्या मी राखून ठेवल्या. मिस्सा सुरू झाली तेव्हा त्यातल्या एकीवर तुम्ही होता. नंतर मंडपात विचारलं, "पत्र दिलंत ना त्याला?" तुम्ही म्हणालात, "दिलं."

गेल्या महिन्यात बोर्डीला संघाच्या घरी मेळावा झाला. आत असलेले आणि बाहेर पडलेले पहिल्यांदाच एकत्र. माझा नंबर कोणीतरी व्हॉट्सॲपवरून शोधला होता. मी जाणार नव्हतो, बायकोने इस्त्री केलेला शर्ट पुढ्यात ठेवला. फाटकातच वसईकर उभा. केस पांढरे, पोट सुटलेलं, चष्मा दोरीला बांधलेला.

"आलास? सुटला एकदाचा उपास!"

"कसला उपास?"

"आमचा रे. वीस-बावीस वर्षं तुझ्या नावाने धरलेला. लोकांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा असतो, तू आम्हाला जन्माचा लावलास."

मी हसलो, मला वाटलं त्याची नेहमीची थट्टा. सुरूच्या झाडांखाली चहा घेऊन बसलो, शेजारी आणखी दोन म्हातारे ब्रदर होते. तिथे त्याने सांगितलं. मी गेलो त्या सकाळी नाश्त्याला तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, त्याने निरोप ठेवला आहे. मला विसरा. कोणी पत्र लिहू नका, कोणी घरी येऊ नका. आपण त्याच्या इच्छेचा मान राखू. "उपमा होता त्या दिवशी," वसईकर म्हणाला, "कोणी बोट लावलं नाही. मी दरवर्षी ब्रदरांना विचारायचो, आता लिहू का त्याला? ते म्हणायचे, अजून त्याची तयारी नाही. इथे बोर्डीच्या शाळेत तीन वर्षं होतो मी. अधूनमधून काही कामासाठी तलासरीला जायचो ती बस तुझ्या घरावरून जायची. तुझी बायको अंगणात मिरच्या वाळत घालताना दिसायची. उतरलो नाही. म्हटलं, एवढं एकच मागितलंय त्याने, तेवढं तरी पाळू."

"आणि लग्नाचं पत्र?"

"कुठलं पत्र?"

माझ्या हातातला चहा निवून गेला. आज्ञा पाळणारी माणसं आम्ही. एकाने सांगितलं आणि बाकी सगळ्यांनी मानलं. बावीस वर्षं कोणी मला विचारायला आलं नाही, खरंच तू असं म्हणालास का म्हणून. ते याला माझ्यासाठी केलेला त्याग समजत होते. आणि मी त्यांना विसरभोळे, कोरडे समजून मनातल्या मनात कितीदा बोललो असेन.

मग वसईकरने माझ्याकडे बघून विचारलं, "तू सांगितलं होतंस ना तसं?" दोघे म्हातारेही कप खाली ठेवून ऐकत होते. मागे घराच्या ओसरीतल्या भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो.

"हो," मी म्हणालो. "तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

"बघा," एक म्हातारे ब्रदर दुसऱ्याला म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? ब्रदर एक शब्दही वावगा बोलायचे नाहीत." वसईकर इतकंच म्हणाला, "निदान मला तरी वगळायचं होतंस रे." आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेला.

संध्याकाळच्या प्रार्थनेत मला तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायला लावलं. मी बोललो. चिकूंची पिशवी, पाट, भाकर. लोकांनी डोळे पुसले. त्यानंतर वसईकर मला बसपर्यंत सोडायला आला आणि वाटेत सहज सांगून गेला की मी गेलो त्या वर्षी त्यानेही निघण्याचा अर्ज लिहून ठेवला होता, आणखी दोघांचंही चाललं होतं, आणि तुम्हाला ते माहीत होतं. "मग राहिलो," तो म्हणाला. "तू असा पाठ फिरवून गेलास, तर बाहेर काय असेल कोण जाणे, असं वाटलं." बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलो तेव्हा कुठे सगळं जुळलं. मी तुमच्यासाठी लागट दुखणं होतो, ब्रदर. घरातल्या बाकीच्यांना लागू नये म्हणून तुम्ही दार लावून घेतलंत आणि माझं पथ्यपाणी करायला एकटे येत राहिलात. चिकू खरे होते, नोकरीची जाहिरात खरी होती. पण 'माणसं विसरतात' हे वाक्य तुम्ही माझ्या चुलीजवळ बसून, माझ्या बायकोच्या हातची भाकर खात, वर्षातून दोनदा म्हणालात. त्याचं काय करू? तुम्ही रागावून मला तोडलं असतं तर मी ते सोसलं असतं.

बायकोला त्याच रात्री सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. "माझ्या मावशीने विचारलं होतं लग्नात, नवऱ्याकडची ब्रदर मंडळी कुठेत म्हणून. मी सांगितलं, वाटेत आहेत," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून, "त्यांनी केलं ते केलं. तुम्ही हो का म्हणालात?" रोज जपमाळेनंतर आम्ही मेलेल्यांची नावं घेतो, आई, बाबा, तिचा भाऊ, आणि तुम्ही. त्या दिवसापासून तुमच्या नावापाशी माझी जीभ थांबते. ती आठवण करते, "अहो, ब्रदरांचं राहिलं." मी म्हणतो, राहू दे आज. मग ती एकटी घेते.

वसईकरचा मेसेज आला आहे. रविवारी मिस्सेनंतर येतो, आता परवानगी आहे ना? मी लिहिलं, ये. मी त्याला खरं सांगणार आहे. तुमचा फोटो असलेल्या भिंतीसमोर मी खोटं बोललो, ते तुम्हाला वाचवायला. त्यात माझा सोबती दुसऱ्यांदा गमावला. पण सांगितलं तर त्याचं काय होईल, हेही मला कळतं. त्याची सगळी वर्षं तुमच्या त्या एका वाक्यावर उभी आहेत. तो राहिला, चांगला शिक्षक झाला, शेकडो पोरं शिकवली. मी त्याला सांगायचं की तू ज्या निरोपामुळे राहिलास तो निरोप नव्हताच. पुस्तिकेसाठी पान देणार नाही, तसं उद्या फोन करून कळवेन. कारण विचारलं तर लिहिणं जमलं नाही म्हणेन.

आणखी एक आहे. वसईकर बोर्डीला आहे हे मला ठाऊक होतं. चर्चच्या पत्रकात त्याचं नाव वाचलं होतं, त्या वर्षी दोनदा बोर्डीला गेलो होतो, त्याच्या शाळेच्या कुंपणाला लागून चाललो होतो. आत गेलो नाही. तो विसरला असं तुम्ही सांगायचात तेव्हा मला वाईट वाटायचं, पण आत कुठेतरी बरंही वाटायचं, की सगळे विसरले आणि ब्रदर फक्त माझ्याकडे येतात. तुमचं मी त्याला रविवारी सांगेन. हे सांगेन असं वाटत नाही.