नऊ नंबरचा आठवडा

शनिवार, ता. ६

पोचलो एकदाचे! खोली नंबर नऊ, पहिला मजला, गॅलरी तळ्याकडे. हिने पडदे सरकवले, गादी दाबून पाहिली, न्हाणीघरातले सगळे नळ सोडून पाहिले आणि शेवटी अगदी नाइलाजाने, बरी आहे म्हणाली. एवढं कौतुक मला अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तीनदाच लाभलं असेल. पलंग दोन, एक खिडकीशी, एक भिंतीशी. खिडकीचा मी पटकावला.

आता इथे का आलो ते लिहून ठेवतो. मी पंप दुरुस्त करणारा माणूस. दुसऱ्याच्या वर्कशॉपात झाडू मारण्यापासून सुरुवात केली, आज माझ्या वर्कशॉपात अकरा माणसं आहेत. मला कुणी गंडवलं नव्हतं. मग एका हॉटेलात फुकट जेवणाचं आमंत्रण आलं. जेवणानंतर गार खोलीत बसवलं, तुमच्यासारखा कर्तबगार माणूस आम्ही पाहिला नाही म्हणाले, आणि मी फुगलो. उठलो तेव्हा टाइमशेअर गळ्यात पडला होता: या रिसॉर्टची ही खोली, वर्षातला हाच आठवडा, दर वर्षी देखभालीचे पैसे भरून, जन्मभर. फॉर्मवर वारसाचा रकाना होता. मी ऐटीत लेकीचं नाव घातलं. म्हणजे माझ्यामागे हे लोढणं तिच्या गळ्यात. सौदा रद्द करायची मुदत दहा दिवस होती. मी कागद नीट वाचला एकतिसाव्या दिवशी. वरातीमागून घोडं.

मेहुणे म्हणाले, सोडून द्या दाजी, हौसेला मोल नसतं. सोडतोय कसला! माझ्या मूर्खपणाचं ओझं पोरीनं का वाहायचं? सात दिवस राहून यांची खोट शोधणार आणि तिचं नाव त्या कागदावरून उतरवूनच घरी जाणार.

तोवर तळं छान आहे.

रविवार, ता. ७

सकाळी भांडायची पुरती तयारी करून ऑफिसात गेलो. टेबलापलीकडे एक बाई. आवाज इतका गोड की मी मनातल्या मनात तिचं नाव साखरबाई ठेवलं. मुदत टळली, मला ठाऊक आहे, तरीही, असं माझं भाषण सुरू झालं होतं तेवढ्यात ती म्हणाली की काही हरकत नाही. रद्द होत नाही, पण परत करता येतो. पैसे लागत नाहीत. एक कागद, एक सही.

माझे पहिले मालक सांगायचे, विकणारा घासाघीस करत नसेल तर पंप चोरीचा समज. मी कागद खोलीवर आणला. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून प्यायचं. भिंग लावून तीनदा वाचला. पाच ओळी. धारक आपला आठवडा संपूर्णपणे रिसॉर्टच्या हवाली करत आहे. बस. खोट सापडेना, हीच मला खोट वाटली.

ही म्हणाली, तुम्हाला देवाने सरळ दार उघडून दिलं तरी तुम्ही बिजागऱ्या तपासाल.

सोमवार, ता. ८

दहा वाजता सही केली. लेकीचं नाव उतरेल ना, असं तीनदा विचारलं. त्यांची नोंद आम्ही बघून घेतो, असं साखरबाई तीनदा म्हणाली, तिन्ही वेळा एकाच सुरात. बेअरिंगमध्ये गरजेपेक्षा जास्त ग्रीस भरलं की मोटर असा आवाज करते. मी तिच्याकडून शिक्का मारलेली पोच घेतली आणि घडी करून पाकिटात टाकली.

बाहेर तळ्याकाठी बाकावर एक म्हातारा बसलेला. पूर्वी आगगाडीत तिकीट तपासनीस होता म्हणे. माझ्याकडेही तिकीट मागितल्यासारखंच पाहिलं. गप्पा रंगल्या. सहज विचारलं की तुमची खोली कुठली. नऊ, म्हणाला. आठवडा? हाच.

मला हसूच आवरेना. चोर सापडला! एकच खोली, एकच आठवडा, गिऱ्हाइकं दोन. आता यांची मानगूट माझ्या हातात. म्हाताऱ्याला म्हटलं की आपण दोघं मिळून यांना उभे सोलू. तो नुसता मान हलवत राहिला. मी विचारलं, झोपता कुठे? खिडकीशी, म्हणाला. विनोदी गृहस्थ. जेवायची वेळ टळून गेली तरी आम्ही तिथेच.

मंगळवार, ता. ९

ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. साखरबाईने शांतपणे रजिस्टर काढून माझ्यासमोर उघडलं. खोली नऊ, हा आठवडा. एकाखाली एक आठ सह्या, प्रत्येकीपुढे एकच शेरा: परत केला. पाचवी सही तपासनिसाची. आठवी माझी. मी म्हटलं की यांनी परत केला तर म्हातारा राहतो कुठे. नऊमध्येच, म्हणाली. जसं काही मी वेळ विचारली होती.

ही तळ्याकडे फिरायला गेली होती. मी बॅगेतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. मोटरचं दुखणं असंच ऐकतात, टोक मोटरला, मूठ कानाला. सगळं आयुष्य त्याच्यावर काढलं. टोक खिडकीच्या भिंतीला लावलं. या भिंतीपलीकडे खोली नाही, नुसती हवा आणि खाली तळं.

नळ सोडल्याचा आवाज. खोकला. गादी दाबून पाहिल्याचा. मग माणसं बोलू लागली, एकमेकांत मिसळलेली, सगळी पुरुष, सगळी बायकांना समजावणारी. मी काढतो आपल्याला यातून. तू काळजी करू नकोस. मी बोलतो त्यांच्याशी.

सात आवाज मोजले.

बुधवार, ता. १०

सकाळी पुन्हा लावला. आठ.

आठवा माझा. शनिवारचं माझंच बोलणं, खिडकीचा पलंग माझा म्हणून हिला चिडवलेलं, शब्दन् शब्द.

धावत ऑफिसात गेलो. मला काही परत करायचं नाही, आठवडा राहू द्या म्हटलं, हात जोडले. साखरबाईने माझीच पोच पालथी करून दाखवली. मागच्या बाजूला बारीक अक्षर: परतीचा अर्ज त्याच दिवशी दुपारी एकपर्यंत मागे घेता येईल. शिक्का मारलेली बाजू मी पाहिली, पाठ पाहिलीच नाही. सोमवारी एक वाजता मी बाकावर बसून चोर पकडत होतो. दुसऱ्यांदा मुदत टळली, आणि तीही कागद तीनदा वाचणाऱ्या माणसाची.

विचारलं, जे परत करत नाहीत त्यांचं काय होतं? तिने खोटं सांगितलं नाही. ते येतात, सात दिवस राहतात, घरी जातात. एवढंच.

आठवडा संपूर्णपणे हवाली. आठवडा, आणि त्याच्या आत जो असेल तो.

हिला काही न सांगता फाटकाकडे चालत गेलो. पहारेकऱ्याने माझ्या आरपार रस्ता पाहिला. बाहेर पाऊल टाकलं, आणि पाऊल पडलं ते नऊ नंबरच्या गॅलरीत. पुन्हा गेलो. पुन्हा गॅलरी. पाच वेळा.

गुरुवार, ता. ११

नाश्त्याचं ताट एकच आलं. ही दोनदा अहो म्हणाली, न्हाणीघराच्या दाराकडे बघून. मी तिच्या शेजारी उभा होतो. खांद्यावर हात ठेवला. तिने पदर सारखा केला, वाऱ्याने उडाला असेल म्हणून.

ओरडलो. कानाशी तोंड नेऊन ओरडलो. या बाईने माझं घोरणं सोसलं, माझं ओरडणं तिच्यापर्यंत—

दुपारी काउंटरवर विचारत होती. आमचे हे फिरायला गेलेत, कुणी पाहिलं का. सगळे हळहळले. माणसं तळ्यावर बांबू घेऊन गेली.

तिने लेकीला फोन केला.

शुक्रवार, ता. १२

आता दिसतात. सगळे. पलंगाच्या कडेला ओळीने बसलेले, पाहुणे आल्यासारखे. तपासनीस सरकला, मला जागा दिली. खिडकीशीच झोपतो म्हणाला होता. विनोद नव्हता.

त्याला विचारलं, सोमवारी बोलला का नाहीस. म्हणाला, तू ऐकायला बसला होतास की सांगायला?

ही आमच्यामध्ये येऊन बसली. रडत नाही. हातात ही वही. सोमवारपर्यंत वाचली. पुढची पानं कोरी म्हणून उलटत गेली. कोरी! मंगळवार, बुधवार, सगळं इथे आहे, बोटाखाली आहे, अगं—

पेन दाबून लिहितो. वळ तरी उमटेल.

लेक निघाली आहे.

शनिवार, ता. १३

आली. माझ्यासारखीच चाल, पायऱ्या दोन-दोन चढते. वर्कशॉप तीच बघते आता. चुकीचा सौदा दिसला की हात शिवशिवतात तिचे. मीच शिकवलं. मीच.

साखरबाई स्वतः वर आली. फार वाईट झालं म्हणाली. बाबांनी परत केला तो फक्त त्यांचा हक्क, वारसाची नोंद तशीच आहे; आठवडा आता वारसाचा. वारसाला दहा दिवसांची मुदत नाही, करार जुना. पण हरकत नाही. परत करता येतो. पैसे लागत नाहीत.

लेक चिडली. माझ्या बापाला फसवलंत, म्हणाली, याची कटकट आत्ताच्या आत्ता संपवते, आईला इथे पुन्हा पाऊल टाकायला लागता कामा नये.

तिने कागद घेतला. तीनदा वाचते आहे. शाबास म्हणायचं होतं कधीकाळी—

सरकून बसा, तपासनीस सगळ्यांना म्हणतोय. जागा करा.

नाही. जागा करू नका. नाही—

लेक वहीच्या कोऱ्या पानावर बोट फिरवते आहे. थांबली. पान उजेडाकडे तिरपं धरते आहे. ठमे, बघ, वाच, बाबाचं अक्षर आहे. परत करू नकोस. ठेव. दर वर्षी ये, सात दिवस राहा, भांड, नळ तपास, घरी जा. भरत राहा पैसे, मरू देत. फक्त सही करू नकोस आणि वारसाच्या रकान्यात कुणाचंही—

साखरबाई म्हणते आहे, सहीला पेन हवं ना. लेक वहीकडे हात आणते आहे. हे पेन. हेच. घट्ट धरलंय, ठमे, ओढू नकोस, अजून एक ओळ, फक्त