काल ओल्हाशी बोलणं झालं नाही

दानिलो,

तू झोपलायस, म्हणून लिहून ठेवते. मी बसने सास्काटूनला ओल्हाकडे चालले. उद्या तिचं ऑपरेशन आहे. बहिऱ्या बहिणीशी फोनवर काय बोलू? दर रविवारी कॉम्प्युटरवर माझे ओठ बघते, तेव्हा तिला कळतं. काल लावला, तर नुसता काळा पडदा. का, तर तू त्यात पहिलीच्या जोडीला दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घातलीस. "आई, आतलं सगळं शाबूत आहे, फक्त सुरू व्हायची वाट पुसली गेली," म्हणे. अरे, तुझा एक संसार टिकला नाही आणि यंत्रात दोन मांडायला निघालास.

बटाट्याचं सारण भरलेल्या वरेनिकी फ्रीजरमध्ये आहेत, उकळून खा.

ओल्हा तुझी चौकशी करेलच. तू बरा आहेस म्हणून सांगेन. पण खोटं बोलताना माझे ओठ कसे होतात, ते तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

— आई