पाच हजारांच्या वर

शुक्रवार संध्याकाळ, अल हैल

माझी जुनी स्पोर्ट्‌स कार महिनाभर पाच हजार आरपीएमच्या वर अडखळत होती. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, तरी तेच. सकाळी शेवटी कासमचाचांना फोन लावला. इथे आखातात, रुसैलच्या गॅरेजात वीस वर्षं त्यांनीच ती सांभाळली; आता दापोलीला असतात. ते गावी परतल्यापासून सहज म्हणून एकदाही फोन केला नव्हता. का नाही केला?

फोन स्पीकरवर ठेवून गाडी पळवली. पाच हजारांवर धक्का बसताच चाचा म्हणाले, "पेट्रोल पुरत नाय तिला. फिल्टर बदल."

दुपारी बदलला. गाडी सुसाट! पुन्हा फोन केला.

"ऐकव," ते म्हणाले. बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

"चाचा, या ना एकदा इकडे."

"आता कसला येतो मी? गाडी बिघडली नाय तरी फोन करीत जा."