वनिताचं रामायण

३ फेब्रु.
मार्चमध्ये वाचक मंडळात बोलायचं आहे: सीतात्याग, संस्कृतात कसा नि ओवीबद्ध मराठीत कसा. दुपारी दोन्ही ह्यांना वाचून दाखवते. पॅरालिसिसला चार महिने झाले, तोंडून शब्द नाही. माजिवड्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाषा कानावर पडू दे, बोलतील. पडते आहे. हे झोपतात.

६ फेब्रु.
ह्यांना भरवायला बाई ठेवली. वनिता. इथल्याच, डोंबिवलीजवळच्या आगरी गावातली. अखंड बडबड. हात मात्र स्वच्छ. राहू दे.

११ फेब्रु.
वनिता भरवताना ह्यांना सीतेची गोष्ट सांगत होती. कैकयीनं विचारलं, रावण दिसायला कसा? सीता म्हणाली, मान वर करून बघितलंच नाही, पायाचा अंगठा तेवढा दिसला. "मंग तो काढून दाव." सीतेनं भिंतीवर अंगठा काढला, सासूनं त्यावर अख्खा रावण पुरा केला नि रामाला बोलावून दाखवला, बघ, तुझ्या बायकोनं काढलाय. रामानं तिला टाकलं.
मी बाहेर येऊन म्हटलं, "मुळात असं नाही. लोक बोलले म्हणून टाकलं तिला. चुकीचं सांगू नकोस."
"आमचे गावान असाच सांगतान, काकू."

१४ फेब्रु.
तीन दिवस वनिता मुकाट भरवते. हे दोन घासांत मान फिरवतात. आज वाटी ढकलली आणि म्हणाले, "अंगठा."
स्पष्ट. आजारानंतरचा पहिला शब्द. माझ्या वाचनातला नाही, तिच्या गोष्टीतला.
मोरीत जाऊन तोंड धुतलं.

१५ फेब्रु.
वनिताला म्हटलं, पुढचं सांग.
"नको बाय, परत चुकंल."
"चुकू दे."
"मंग तुम्ही आत जावा. तुम्ही ऐकता तं मना भेव वाटतं."
गेले. माझ्याच घरात मी दाराआड उभी. ह्यांनी पेज संपवली.

१९ फेब्रु.
मंडळाच्या कार्यवाहांचा फोन. भाषणात अंगठ्याची गोष्ट घेणार म्हणून सांगितलं.
"त्याला आधार काय, बाई?"
"आमचे हे."
त्यांना काही कळलं नाही. नाही कळलं तर नाही.

२३ फेब्रु.
वनिताच्या घरी भाच्याची हळद, ती सुट्टीवर. गोष्ट मीच धरली, तिच्यासारखीच सांगितली. एकदाही दुरुस्त केली नाही. जड गेलं. "मग रामानं सीतेला वनात पाठवलं. संपलं," म्हणून चमचा पुढे केला.
ह्यांनी मान हलवली. नाही.
"मग काय झालं? तुम्ही सांगा."
पेज निवून गेली.
"राम," म्हणाले. खूप वेळानं, "रडला."
हे कुठल्या रामायणातलं, विचारलं नाही. ओठ अजून हलत होते. चमचा खाली ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.