गुडघ्याचा निकाल

पुणे, लेक धनश्रीच्या घरून

चि. हनुमानास सुग्रीवदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीचा खोकला थांबला का? तुझ्या रतनबाईची पाठ कशी हाय? बाळ माऊलीला दात आले का? मेंढरं बरी हायेत ना?

फोनवर गुडघ्याचं नाव काढलं की तू लगेच विषय बदलतोस, म्हणून लिहितो. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा फोटो काढला. ऑपरेशन लागत न्हाई. मी विचारलं, "बाई, तीस वर्षांमागं फुटबॉल खेळताना भावाची लाथ बसलती, तिचंच हे दुखणं का?" त्या हसल्या. "आजोबा, तो मार केव्हाच भरून आला. ही वयाची झीज आहे."

ऐकलंस? लहानपणी लोकरीचा चेंडू वळून माळावर खेळायचो, तसंच कडा गावच्या सामन्यात एकाच चेंडूवर दोघं धावलो, एवढंच झालतं. तेव्हापासून तू चेंडूला पाय लावला न्हाईस. मी लंगडलो की मान खाली घालतोस. सोड आता ते, येड्या. मला लई हलकं वाटतंय.

यंदाची लोकर थोडी बाजूला ठेव अन् चेंडू वळ. मी गोलात खुर्ची टाकून बसतो. भीत भीत मारलास तर बघ!

मारणार का न्हाई, तेवढं लगेच लिहून कळव.

तुझा दादा,
सुग्रीव