नऊ वर्षांची वेणी

३ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
टिल्लूचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोन आहे, पण फोनवर आपली गाडी ‘जेवलीस का, बरी आहेस ना’च्या पुढे सरकतच नाही. आणि दादाच्या घरी कागदावर लिहूनच बोलायची रीत होती, ती निदान आपण दोघींनी तरी मोडू नये.

माझं बरं चाललंय. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सध्या एक निवृत्त मुख्याध्यापक शिकायला येतात. गाडी मागे घेताना मागे चिटपाखरू नसलं तरी काच खाली करून ‘सरका, सरका!’ ओरडतात. माझा पाय दिवसभर माझ्या बाजूच्या ब्रेकवर असतो. घरी जेवतानासुद्धा तो टेबलाखाली दाबला जातो, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

मुद्द्याचं म्हणजे, या नाताळात मी तुझ्याकडे येतेय. दादा गेल्यापासून दोन वर्षं तुझ्याकडे झाड लागलं नाही. पहिल्या वर्षी मीच म्हटलं, राहू दे. दुसऱ्या वर्षी तू म्हणालीस, पुढच्या वर्षी बघू. आता ते पुढचं वर्ष आलं बरं का! तीच सुरूची फांदी, तीच वाळू भरलेली बादली, खिडकीजवळचा तोच कोपरा. आणि दादाची सगळी पुस्तकं फांद्यांना टांगायची. काडेपेटीएवढी पुस्तकं, त्याच्या बाइंडिंगच्या दुकानातल्या कातरणातून केलेली, पण शिवण मात्र मोठ्या ग्रंथाला शोभेल अशी. प्रत्येकाचं दर वर्षी एक, आणि आत त्याच्या वर्षाची एकच ओळ. मी आठ वर्षांची होते तेव्हाच्या माझ्या पहिल्या पुस्तकात ‘टिल्लूचे दोन दात पडले, एक सापडला’ असं आहे, ते मला अजून पाठ आहे.

वहिनी, माझं एकच मागणं. काही बदलू नकोस. इतकं बदललंय सगळं, तुझ्या घरात पाऊल टाकलं की वाटावं, काही झालंच नाही.

बाकी भेटीत. माया आहे तेवढी ठेव. थोडी जास्त झाली तरी मी परत करणार नाही.

तुझी,
टिल्लू


१४ नोव्हेंबर

प्रिय टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

ये. विचारायचं काय त्यात? तुझी खाट खिडकीखाली टाकून ठेवते.

बस डेपोतली चौकशीची खिडकी अजून माझ्याकडेच आहे. पाचला सुटणारी गाडी किती वाजता सुटते, असं रोज कुणी तरी विचारतं, आणि मी रोज ‘पाचला’ म्हणून सांगते. लेक नव्या नोकरीत रुळली आहे. नाताळच्या आदल्या दिवशी येईल म्हणते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी शेजाऱ्यांकडून माळ्यावरचा खोका खाली काढून घेतला. एवढ्या उंचावरचं आता माझ्या हातून निघत नाही. पुस्तकं मोजली, एकशे सदतीस भरली. काहींचे दोरे कुजलेत, तीन-चारांना ओल लागलीय, बाकी धडधाकट. एक उघडलं तर ‘टिल्लूने पहिल्यांदा गाडी चालवली. नवं कुंपण घेतलं.’ खोक्यापाशीच बसून एकटी हसत राहिले. मग पुढचं उघडायचा धीर झाला नाही.

काही बदलू नकोस म्हणालीस. घर तसंच आहे, पडदेसुद्धा तेच आहेत. एक गोष्ट मात्र तुला सांगायची आहे. दोनदा लिहून दोनदा कागद फाडला. आलीस की बघशीलच, तेव्हा बोलू.

थंडीचा कोट घेऊन ये. लोभ कमी झाला असं कधी वाटलं तर आधी मला विचार, मनाशी धरून बसू नकोस.

तुझी,
वहिनी


२५ नोव्हेंबर

वहिनीस,
न. वि. वि.

काल तुमच्या लेकीने तुमच्या वाढदिवसाचा फोटो पाठवला. केकमागे कोण बाई उभ्या आहेत, हे मी तिला विचारणार होते. मग तुमचं घड्याळ ओळखलं.

कानाच्या वर कापलेले केस, तेही पांढरे. आणि लाल लाल डूल.

मी लहान नाही, कुणी कसं दिसावं हे सांगणारी मी कोण? पण ती वेणी दादाचा जीव की प्राण होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एरवी दहा वाक्यांत एक बोलणारा माणूस, पण तुम्ही खोलीतून गेलात की त्याची नजर त्या कंबरेखालच्या वेणीमागे जायची. दोन वर्षं झाली फक्त. त्याचं दुकान दुसऱ्याकडे गेलं, ठीक. त्याचे कपडे देऊन टाकले, तेही ठीक. आता हेही. त्याचं म्हणून घरात काय उरलंय?

आणि मला साधं कळवलंसुद्धा नाहीत. ‘आलीस की बघशीलच’ म्हणे!

या वर्षी मला यायला जमेलसं वाटत नाही. नाताळात शिकणाऱ्यांची गर्दी असते.

सर्वांना यथायोग्य.

टिल्लू


२ डिसेंबर

प्रिय टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी खिडकीत बसूनच वाचलं आणि समोरच्या माणसाला चुकीच्या गाडीची वेळ सांगितली. तो धावत जाऊन धावतच परत आला आणि मला नको नको ते बोलला. त्या दिवशी ते बरंच वाटलं मला.

‘तुम्ही’ म्हणालीस, ते मात्र लागलं. असो. फोटो आधी मीच पाठवायला हवा होता. आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बारा वर्षांपूर्वी मी डेपोच्या जिन्यावरून पडले, ते तुला माहीत आहे. हात बरा झाला, असंच सगळ्यांना सांगितलं. पण उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. फळीवरचे डबे खाली आणून ठेवले, कपड्यांची दोरी खाली बांधली, सगळ्याची सोय झाली. केसांची होईना. सुरुवातीला लेक घालून द्यायची वेणी, मग ती शिकायला बाहेर गेली. तेव्हाच मी म्हटलं होतं, कापून टाकते. तुझे दादा वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली ठेवून म्हणाले, थांब, मला येतं.

मला हसूच आलं. त्यांनी स्टूल ओढलं, मला पाठमोरी बसवलं आणि अशी वेणी घातली की डेपोतल्या बायकांनी विचारलं, कुणाकडून घालून घेतलीस. कुठे शिकलात म्हटलं, तर म्हणाले, पुस्तकं शिवतो ना, त्यातलाच प्रकार. मग नऊ वर्षं, रोज सकाळी साडेसहाला. बाइंडिंगच्या खळीचा वास असायचा बोटांना. बोलायचे नाहीत फारसं, पण त्या दहा मिनिटांत जे काय बोलायचे ते दिवसभराचं असायचं. लेकीच्या कॉलेजचं, दुकानाचं, त्यांच्या छातीतल्या दुखण्याचंसुद्धा पहिल्यांदा तिथेच सांगितलं, माझं तोंड पलीकडे होतं म्हणून. मला शपथ घातली होती, वेणीचं कुणाला सांगायचं नाही, आणि टिल्लूला तर मुळीच नाही, ती गावभर करेल.

ते गेल्यावर काही दिवस शेजारणीने घातली. तिला तरी किती दिवस त्रास द्यायचा? एका हाताने जमेल तसं बांधत राहिले. आणि तुला हसू येईल, नाहीतर रडू, पण सकाळी साडेसहाला मी स्टुलावर जाऊन बसायची. भिंतीकडे तोंड करून. दीड वर्ष बसले, टिल्लू. केसांचा गुंता एवढा झाला की ऑगस्टमध्ये पार्लरवाल्या बाईने हात टेकले. म्हणाली, सोडवता येणार नाही, कापावे लागतील. मी म्हटलं, काप.

आणि आता खरं तेच लिहिते. पार्लरमधून बाहेर आले तेव्हा मानेला वारा लागला आणि मला बरं वाटलं. घरी येऊन रडले, पण आधी बरं वाटलं. आरशातली बाई मला आवडली. रंग लावणंही सोडलं. डूल मीच घेतले, कुणी दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी रोजचा एक प्रवासी खिडकीशी येऊन विचारतो, आधीच्या बाईंची बदली झाली का? मी म्हटलं, हो.

हे आवडणंच मला तुला लिहिता येत नव्हतं. बाकी सगळं लिहिता आलं असतं.

यायचं की नाही ते तू ठरव. झाड मी लावणार आहे.

लोभ मागत नाही, तो तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक आहे.

तुझी,
वहिनी


७ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

माझ्या त्या पत्राचा बोळा करून चुलीत टाक. चूल नसेल तर शेजारणीच्या चुलीत टाक.

तुझं पत्र मी गाडीत बसून वाचलं, मुख्याध्यापक शेजारी होते. त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून ब्रेक दाबला आणि मला रुमाल दिला.

वहिनी, तो पुस्तकं शिवताना वेणी शिकला नाही. तो माझ्या डोक्यावर शिकला. आई तेव्हा पहाटेच्या पाळीला लाँड्रीत जायची. मी सहाची, दादा चौदाचा. शाळेआधी मला पायरीवर बसवून दोन वेण्या घालायचा, इतक्या घट्ट की माझे डोळे तिरके व्हायचे. मी ओरडले की म्हणायचा, सैल वेणी म्हणजे सैल शिवण, पानं गळतात. तेव्हा तो नुसता सुट्टीत बाइंडिंगच्या दुकानात जायचा, पण बोलायचा असा की मालकच.

दोन वर्षं घातल्या त्याने. आणि मी काय केलं? वर्गात बढाई मारली, माझ्या वेण्या माझा दादा घालतो. मधल्या सुट्टीत मोठी मुलं त्याला ‘ए वेणीवाली’ म्हणून चिडवायला लागली. एकदा त्याचा शर्ट फाटून आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने माझ्या वेण्या घालणं बंद केलं. काही बोलला नाही. आईने माझे केस कापून आणले. त्रेचाळीस वर्षं मी हेच धरून बसलेय की माझ्या तोंडामुळे दादा माझ्यावर रुसला. त्याला कधी विचारलं नाही. आधी भीती वाटायची, मग राहूनच गेलं.

तेव्हा मला सांगू नकोस म्हणाला, ते बरोबरच होतं त्याचं. एकदा गावभर केलं होतंच मी.

आणि मी तुला विचारते, त्याचं म्हणून काय उरलंय!

मी येऊ का? हो म्हणालीस तर तेवीस तारखेच्या दुपारच्या गाडीने येईन. नाही म्हणालीस तरी येईन, पण मग फाटकापाशी उभी राहीन.

तुझीच, लोभाची मागणी करायला तोंड नसलेली,
टिल्लू


१३ डिसेंबर

प्रिय टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

फाटकाला नुकताच रंग दिलाय, टेकून उभी राहू नकोस. आत ये.

घाईत लिहिते आहे, पण हे तू येण्याआधी तुला कळायला हवं. तुझ्या दादाने दुकानात नोकरी धरली तेव्हा ते सोळाचे होते, ना? तुमच्या वडिलांचं आजारपण तेव्हाच सुरू झालं होतं. त्या पहिल्या वर्षाबद्दल ते मला पुष्कळ सांगायचे. दुकान उघडायची किल्ली त्यांच्याकडे होती, सहाला दार उघडून खळ शिजवावी लागायची. घरातून साडेपाचला निघायचे. तू तेव्हा झोपलेली असणार, बाळा. वेण्या घालणार कुणाला?

रुसले नव्हते. मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली बसले आहे, मला कळलं असतं. मी मान हलवली की नेहमी एकच म्हणायचे, स्थिर बस, तू काय आठ वर्षांची आहेस? मला वाटायचं, आठच का? सहा का नाही, दहा का नाही? आता तुझं पत्र वाचून कळलं, वेण्या थांबल्या तेव्हा तू आठची होतीस.

तेवीसला मी कामावर आहे. खिडकीशीच ये.

तुझी,
वहिनी


४ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. मुख्याध्यापक परीक्षेत पास झाले, परीक्षकालाही ‘सरका’ म्हणाले असं ऐकते.

फोटो पाहिलेला असूनही मी तुझ्या खिडकीसमोरून दोनदा सरळ निघून गेले, याची मला अजून लाज वाटते. पण त्यासाठी सगळ्या डेपोला ऐकू जाईल असं भोंग्यावरून ‘टिल्लू नावाच्या पन्नाशीच्या बाईंनी चौकशीच्या खिडकीशी यावे’ सांगायची काही गरज नव्हती! हमालसुद्धा हसत होते.

झाड सुंदर झालं. खालच्या फांद्या तुझ्या, वरच्या माझ्या आणि लेकीच्या, असं आपसूकच ठरून गेलं. तू या वर्षीची पुस्तकं केलीस, शिवण वाकडी, पुठ्ठा तिरका. दादाने बघितली असती तर उसवून परत करायला लावली असती. तुझ्या पुस्तकातली ओळ मी वाचली. ‘केस कापले. आवडले.’ माझं कोरं ठेवलं होतंस, तू लिही म्हणून. मी काय लिहिलं ते तू बघितलं नसशील, सुरूच्या मागच्या बाजूला टांगलंय. ‘टिल्लू भांडली. मग आली.’

एक गोष्ट तिथे बोलता आली नाही, म्हणून हे पत्र. सव्वीसच्या सकाळी तू न्हाऊन आलीस, मी चहा घेत बसले होते. स्टूल रिकामं होतं, तू सहज त्यावर बसलीस, माझ्याकडे पाठ करून. डाव्या हाताने टॉवेलने केस पुसत होतीस आणि मागचा भाग ओलाच राहत होता. मी उठले आणि कंगवा घेतला. मला वाटलं, तू नको म्हणशील.

वहिनी, त्या केसांत विंचरायला आहेच काय! चार वेळा कंगवा फिरवला, भांग पाडला, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण तू उठली नाहीस. मीही कंगवा खाली ठेवला नाही, पुन्हा पहिल्यापासून विंचरायला लागले. मग तू भिंतीकडे बघत मला लेकीच्या एका मित्राबद्दल सांगायला सुरुवात केलीस, जे गेले तीन दिवस तुझ्या ओठांवर येऊन परत जात होतं.

मार्चमध्ये चार दिवस सुट्टी काढतेय. लोभ तिथेच ठेवून आलेय, तो घ्यायला येईन.

तुझी,
टिल्लू