नऊ नंबरमधली माय

गडचांदूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय रुखमा,

स. स. वि. वि. म्हणजे सप्रेम सलाम, विनंती विशेष. डी.एड.ला पत्रलेखनात मी नमस्काराच्या जागी सलाम घातला म्हणून सरांनी दोन मार्क कापले होते. आता कोण कापतो बघू.

तुमच्या गावचा टॉवर मनात आलं तरच बोलतो, म्हणून पुन्हा कागद-पेनावर आले. हे पत्र आणि सोबतचा पेनड्राइव्ह माझा भाचा मुन्ना आणतोय. तो सिमेंटचा ट्रक घेऊन एटापल्लीला येतो, बाजारातल्या चहाच्या टपरीवर तुझ्या नावानं ठेवून जाईल.

पेनड्राइव्हमध्ये आमच्या सरफराजचा आल्बम आहे. चौदा गाणी, त्यातलं त्याचं स्वतःचं एकही नाही. लोकांची जुनी गाणी घ्यायची आणि त्यात ढोल, भोंगे, सायरन घालायचे, याला रिमिक्स म्हणतात. मी विचारलं की कालच्या भाताला फोडणी देतात तसं का रे, तर साहेब दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी आल्बमचं नाव ठेवलं 'सरफूचा तडका'. आयडिया माझी, नाव त्याचं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर आम्ही सगळ्यांनी बसून ऐकला. पहिल्याच गाण्यात मांडणीवरची दोन ताटं खाली आली. शेजारच्या इंदुताई धावत आल्या, म्हणाल्या वरात कोणाची आहे. वरात नाही म्हटल्यावर घरी जायचं सोडून पदर खोचून नाचायला लागल्या. आमचे नवाब तीस वर्षं लग्नांना लाउडस्पीकर लावतात, पण हे ऐकून म्हणाले की याच्यापेक्षा खाणीतला सुरुंग बरा, तो एकदाच उडतो. सरफराजचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण मनातून खूश होता, कारण बाप शेवटपर्यंत उठला नाही.

मोकळ्या मनानं अभिप्राय कळव. नऊ नंबरचं गाणं खास तुझ्यासाठी आहे, काय ते आत्ता सांगत नाही. तुझी कॅसेट कपाटात जपून ठेवली आहे, तिची काळजी नको.

निशाला प्यार. लोभाचा आवाज कमी करू नकोस.

तुझीच,
सुरय्या

*

ता. एटापल्ली
२६ जानेवारी २०२५

प्रिय सुरय्या,

से. जो. वि. वि. सेवा जोहार, विनंती विशेष. कापा म्हणावं माझेही मार्क.

आज झेंडावंदनासाठी शाळेचा स्पीकर बाहेर काढलाच होता. मुलं बुंदी घेऊन घरी गेल्यावर मी त्याला तुझ्या लेकाचा पेनड्राइव्ह लावला. मास्तरणीची खोड, म्हणून मार्क देत गेले. पहिल्या गाण्याला दहापैकी चार, कारण सायरन ऐकून शाळेशेजारच्या पत्रूच्या कोंबड्या कुंपणाबाहेर गेल्या आणि त्यातली एक अजून परतलेली नाही. तिसऱ्याला सात. सातव्याला मी वर्गात एकटीच खुर्ची धरून नाचले, हे कोणाला सांगू नकोस. आठवं काय होतं ते कळलं नाही, मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखं वाटलं.

मग नववं लागलं आणि माझी माय गायला लागली. 

माझं लग्न तुला आठवतंच. नवाबभाऊ बैलगाडीवर भोंगा घालून आले होते आणि त्यांनीच टेपरेकॉर्डरवर आमचा रेला भरून घेतला. बायांच्या दोन रांगा हात धरून नाचतात. माहेरची रांग विचारते, सासरची रांग जवाब देते. माय आमच्या रांगेत पुढे होती. तिनं विचारलं की आमची पोर तुमच्या गावी येते आहे, तिथलं पाणी कसं आहे? सासरकडून माझ्या चुलत सासूबाई, सोमारीबाई, गायल्या की मोहफुलासारखं गोड. विचारणारीला जवाबाशिवाय उभं ठेवणं म्हणजे आमच्याकडे तिला दारातून हाकलण्यासारखं आहे.

आणि तुझ्या लेकानं काय केलं? माय विचारते पाणी कसं आहे, की लगेच भोंगा वाजतो, प्याँऽऽ, आणि एक बाप्या ओरडतो, डीजे सरफू गडचांदूरवाला! ती बिचारी पुन्हा विचारते, हा पुन्हा आपलं नाव सांगतो. असं सहा वेळा. सोमारीबाई रस्त्यानं चालल्या होत्या, त्या आत आल्या. म्हणाल्या, हा कोण मधातच बोंबलून राह्यला, जवाब तं माझा होता.

आधी मला हसू आलं, पण नंतर इतका राग आला की स्पीकरची वायर उपटली. सुरय्या, माय निशाच्या जन्माआधीच गेली, तिचा एकच फोटो आहे, मतदार कार्डावरचा, आणि त्यात ती कोणाचीही माय वाटते. तिचा आवाज त्या एका कॅसेटवर आहे. आमचा टेप निशा लहान असतानाच बिघडला म्हणून पेनड्राइव्हवर उतरवायला मी ती तुझ्या हातात दिली होती. एप्रिलमध्ये निशाचं लग्न आहे. तिला न्यायला पाहुणे येतील तेव्हा तिच्या आजीनं विचारावं एवढीच माझी इच्छा आहे. मुन्नाबरोबर कॅसेट परत पाठव.

नवाबभाऊंना जोहार. लोभ आहे, पण त्यात भोंगा नको.

तुझी,
रुखमा

*

गडचांदूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुखमा,

स. स. वि. वि. तुझं पत्र वाचून मी चप्पल शोधली, पण ती सापडेपर्यंत सरफराज गच्चीवर पोचला होता. गुडघ्यांमुळे मला जिना चढवत नाही हे त्याला माहीत आहे. खालूनच सगळा उद्धार केला. इंदुताईंनी गॅस बंद करून ऐकला.

हे झालं त्याचं. आता माझं सांगते, आणि ते सांगायला मला चार दिवस लागले.

कपाटात तुझी कॅसेट नाही. कॅसेटचा रिकामा डबा आहे. मागच्या पावसाळ्यातच डेकनं रीळ खाल्लं. सरफराज पेन्सिल घालून अर्धा दिवस सोडवत बसला, पण हातात तुकडेच आले. त्याआधी त्यानं ती कॉम्प्युटरवर भरून घेतली होती. मग गाणं साफ करायला घेतलं. नवाबकडे तेव्हा एकच माइक होता आणि तो तुझ्या मायसमोर धरलेला होता. सोमारीबाईंची रांग लांबून ऐकू येत होती. याला वाटलं मागचा कालवा आहे, म्हणून पुसून टाकला. आता मायचा एक मिनिट चाळीस सेकंद एवढाच आवाज उरला आहे. जवाब कुठेच नाही.

मला हे सगळं पावसाळ्यापासून माहीत होतं. तरी तुला लिहिलं की कपाटात जपून ठेवली आहे. भीती वाटली गं. वाटलं, गाणं ऐकून तू खूश होशील आणि कॅसेटचं विसरशील. मी किती मूर्ख आहे ते लिहिताना कळतंय.

नवाबनी चार दिवस लेकाशी अबोला धरला आहे आणि माझ्याशी अर्धा. चहा मागतात, पण साखर कमी आहे असं सांगत नाहीत.

तू लोभ काढून घेतलास तर माझी तक्रार नाही. इकडचा मात्र कायम आहे.

सुरय्या

*

ता. एटापल्ली
२० फेब्रुवारी २०२५

श्रीमती सुरय्याबाई, मु. गडचांदूर, यांस

स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. रीळ डेकनं खाल्लं याचा राग नाही. आमच्याही डेकनं दोन खाल्ली होती. पोरगं चुकलं याचाही फार नाही, त्याला आमची भाषा येत नाही. पण हॉस्टेलमध्ये माझ्या डब्यातले लाडू संपवून आपण स्वतः येऊन सांगायच्या, मी डबा उघडायच्या आधी. तेव्हापासून मी आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत आले. या वेळी डबा मला उघडायला लावलात, त्याचं फार वाईट वाटलं. दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही.

निशाला न्यायला पाहुणे २० एप्रिलला दुपारी येतील. सरफराजनं बॉक्स घेऊन स्वतः हजर राहावं. मायचा आवाज नुसता वाजवावा, ढोल नाही, भोंगा नाही, नाव नाही. दोन प्रश्नांमध्ये जेवढी जागा होती तेवढी परत सोडावी. सोमारीबाई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, पण जिवंत आहेत. आपला जवाब त्या स्वतः देतील.

लोभ सध्या शिल्लक नाही. आला की कळवीन.

रुखमा

*

गडचांदूर
८ मार्च २०२५

रुखमा मावशीले सरफराजचा सलाम.

मले पत्र लिहाची आदत नाई. अम्मी बाजूले बसून आहे म्हणून लिहून राह्यलो. तिनं मायना सांगतला होता, मी विसरलो, माफ करजा.

मावशी, गाण्यात रिकामी जागा दिसली का आम्ही डीजेवाले तिथी आपलं नाव टाकतो. टाकलं नाई तं दुसरा डीजे तेच गाणं उचलून स्वतःचं म्हणते. धंद्याची रीत आहे. आजी सवाल करून राह्यली हे मले माहीतच नव्हतं. मले वाटलं माहोल बनवून राह्यली. तुमचं पत्र अम्मीनं वाचून दाखवलं तेव्हा समजलं, अन् मंग मले कुठी तोंड लपवू असं झालं.

आता जागा किती सोडाची ते समजत नव्हतं. पुसलेलं वापस येत नाई. मंग अब्बाले विचारलं. ते माह्याशी बोलत नव्हते तरी येऊन बसले, डोळे मिटले अन् पायानं ताल धरला. म्हणाले, सोमारीबाईची रांग चार पावलं पुढं येत होती अन् चार पावलं मागं जात होती, तेवढी जागा सोड. तेवढी सोडली. रोजे चालू आहेत, धंदा बंद आहे, म्हणून दिवसभर आजीलेच ऐकून राह्यलो. तिसऱ्या सवालाच्या वक्ती ती हसते, तुमच्या ध्यानात आहे का?

२० तारखेले येतो. भोंगा घरीच ठेवतो.

सरफराज

*

ता. एटापल्ली
२४ एप्रिल २०२५

प्रिय सुरय्या,

से. जो. वि. वि.

तुझा लेक पोचला. मुन्नाच्या ट्रकमध्ये सिमेंटच्या पोत्यांवर बॉक्स धरून बसून आला, त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. सोमारीबाईंनी आधी त्याला नवरदेवाकडचा म्हातारा समजून पाय धुवायला पाणी दिलं. त्यानंही गपचूप धुऊन घेतले.

दुपारी पाहुणे आले. चिंचेखाली इकडच्या आणि तिकडच्या बायांच्या रांगा लागल्या. सरफराजनं बटण दाबलं आणि माय एकटी गायला लागली, मागे काही नाही, नुसता तिचा श्वास. निशानं आजीला कधी ऐकलं नव्हतं. तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली.

मायनं विचारलं, पाणी कसं आहे? सोमारीबाई चार पावलं पुढे आल्या, तोंड उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. जागा सरली. चार पावलं मागे. मायनं पुन्हा विचारलं. सोमारीबाई पुन्हा नुसत्याच पुढे येऊन मागे गेल्या. मला वाटलं विसरल्या. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाल्या की तेव्हा मी न पाहता गोड म्हणून टाकलं, अठ्ठावीस वर्षं तं तू पिऊन राह्यली, जवाब तूच दे.

तिसरा सवाल आला. सरफराज म्हणतो ते खरं आहे, त्यात माय हसते. मी इतकी वर्षं राष्ट्रगीत आणि प्रार्थनेशिवाय काही गायले नव्हते. तरी पुढे आले आणि गायले, माय, पाणी गोड नाही. बोरिंगच्या पाण्याला लोखंडाचा वास आहे, हंडा आतून लाल होतो. पण हंडा उचलून द्यायला कोणी ना कोणी येतं. सोमारीबाईंनी ते उचललं आणि मागे अख्ख्या रांगेनं.

चौथ्या सवालाला निशाच्या सासरच्या बायांनी जवाब दिला की आमच्याकडे नळ आहे, पण पाणी एक दिवसाआड येतं. काय हशा पिकला! निशा म्हणाली, खरं बोलतात, चालेल. शेवटच्या दोन सवालांना कोण काय गायलं ते मी ऐकलंच नाही. मी रडत होते. तुझ्या लेकाच्या तोंडावरही सिमेंटमधून दोन ओघळ आले होते. तो म्हणतो धूळ गेली.

त्यानं सगळं भरून घेतलं, या वेळी दोन माइक लावून. सोमारीबाईंनी दोनदा ऐकलं आणि अट घातली. म्हणाल्या, माह्या ओळीनंतर ते प्याँ टाक, अन् माहं नाव घे, गावासकट. मी आडवी आले नाही. सोबतच्या पेनड्राइव्हवर तसंच आहे. दहापैकी नऊ. एक मार्क पत्रूच्या कोंबडीसाठी कापला.

कॅसेटच्या त्या रिकाम्या डब्यात हा बसतो का बघ आणि आता खरंच कपाटात जपून ठेव. लोभ आला आहे. मुन्नाच्या ट्रकमधूनच पाठवते, सिमेंट तेवढं झटकून घे.

तुझीच,
रुखमा